पूर, दरड, दंगल आणि घर सोडलेली माणसं: विस्थापितांच्या नोंदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुणाचे आहेत आणि उत्तरं कुणासाठी?

सांगली-मिरज, पलूस, वाळवा, शिराळा आणि तिकडे कराड-पाटणपर्यंत पुराच्या दिवसांत धावपळ करणाऱ्या पोरापोरींनी, ग्रामपंचायत सदस्यांनी, आशाताईंनी आणि गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनी हे प्रश्न विचारले आहेत. उत्तरंही त्यांच्यासाठीच आहेत. आपल्याकडे भाकरी-चटणी, ब्लँकेटं, पाण्याच्या बाटल्या कधी कमी पडत नाहीत. २०१९ च्या महापुरात तर अर्ध्या महाराष्ट्रातून ट्रक आले. कमी पडते ती माहिती. कुठल्या गावचं कोण, आत्ता कुठे आहे, सोबत कोण आहे, परत कधी गेलं हे नीट लिहून ठेवणारं माणूस दर पुरात शोधावं लागतं.

‘विस्थापित’ नेमकं कुणाला म्हणायचं? चार दिवस मेहुण्याकडे राहून आलो, म्हणजे मीही विस्थापित का?

हो. संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एकूण ३०. संघर्ष, हिंसाचार, मानवी हक्कांची पायमल्ली, नैसर्गिक किंवा माणसाने ओढवलेली आपत्ती यांमुळे, किंवा त्या टाळण्यासाठी, ज्याला राहतं घर सोडणं भाग पडलं आणि ज्याने देशाची सीमा ओलांडली नाही तो अंतर्गत विस्थापित, असं ही तत्त्वं सांगतात. किती दिवस, किती लांब, छावणीत की पाहुण्यांकडे, याची अट त्यात नाही. पाणी यायच्या आधी सुरक्षित ठिकाणी हलवलेली माणसंही त्यात धरली जातात.

छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी निर्वासितांचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. सीमेच्या आत राहिलेल्यांची जबाबदारी आपापल्या सरकारची. आफ्रिकेतल्या देशांनी २००९ मध्ये कंपाला इथे यासाठी वेगळा करार केला आणि तो २०१२ पासून लागू झाला. भारतात अंतर्गत विस्थापितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्यात निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छतेचे किमान निकष ठरवायला सांगितलं आहे, विधवा आणि अनाथ मुलांचा वेगळा उल्लेखही आहे. पण पाणी ओसरल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं, हे बघत राहण्याची सक्ती त्यातून येत नाही.

माणसं पाण्यात आहेत आणि तुम्ही वह्या घेऊन बसता! आधी जेवण द्या ना?

हा राग आम्ही बऱ्याचदा ऐकलाय आणि तो खोटा नाही. जेवण थांबवून नोंद करू नये, जेवणाच्या रांगेतच करावी.

पण नोंद नसेल तर काय होतं ते बघा. जिल्हा परिषद शाळेची एक खोली साधारण सहा मीटर बाय आठ मीटर धरली तर क्षेत्रफळ झालं ४८ चौरस मीटर. मदतकार्यात जगभर वापरले जाणारे ‘स्फिअर’चे निकष माणशी किमान साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा मागतात. म्हणजे त्या खोलीत तेरा माणसं. प्रत्यक्षात किती कोंबली जातात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाणी माणशी दिवसाला १५ लिटर, म्हणजे शाळेत २०० माणसं असतील तर ३,००० लिटर. शौचालय २० माणसांमागे एक, अगदी सुरुवातीच्या धांदलीत ५० मागे एक. शाळेत किती माणसं आहेत, त्यात बायका किती आणि तान्ही पोरं किती हेच ठाऊक नसेल, तर टँकर किती मागवायचे आणि फिरती शौचालयं कुठे ठेवायची हे अंदाजपंचेच ठरणार. मग मुख्य रस्त्यावरच्या शाळेत बिस्किटांचे खोके छताला लागतात आणि आतल्या गावातल्या समाजमंदिरात दोन दिवस कुणी फिरकत नाही.

दुसरं म्हणजे औषधं. डायलिसिसवरचा माणूस, इन्सुलिन घेणारी आजी, टीबीच्या गोळ्या चालू असलेला तरुण, नववा महिना लागलेली बाई. यांची नावं पहिल्या रात्रीच वेगळी काढली नाहीत तर तिसऱ्या दिवशी धावाधाव होते.

जगात हे काम कोण करतं? त्यांची पद्धत काय?

सर्वांत मोठी यंत्रणा आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची आहे. तिचं नाव डिस्प्लेसमेंट ट्रॅकिंग मॅट्रिक्स, सगळे डीटीएम म्हणतात. २००४ मध्ये इराकमध्ये ती सुरू झाली आणि नंतर अनेक देशांत पोचली. जिनिव्हात अंतर्गत विस्थापन निरीक्षण केंद्र आहे. नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलने ते १९९८ मध्ये उभं केलं. जगभरचे आकडे गोळा करून ते दरवर्षी अहवाल काढतं.

डीटीएमचं काम चार अंगांनी चालतं. कुठल्या गावात किती विस्थापित आहेत हे ठरावीक दिवसांनी फिरून पुन्हा पुन्हा विचारायचं. रस्ते, घाट, बसस्टँड, नाके अशा ठिकाणी उभं राहून कोण कुठून कुठे चाललंय ते नोंदवायचं. गरज असेल तिथे घरटी आणि माणशी नोंदणी करायची. आणि थोड्या निवडक कुटुंबांशी सविस्तर बोलून गरजा, परतण्याचा विचार, अडचणी समजून घ्यायच्या.

यातल्या पहिल्या अंगाचा कणा म्हणजे गावातली जाणती माणसं. तिकडे ते टोळीप्रमुखाला, शिक्षकाला, दवाखान्यातल्या नर्सला विचारतात. आपल्याकडे पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल, अंगणवाडी सेविका आणि आशा आहेत. एकाच्या सांगण्यावर आकडा पक्का धरायचा नाही, किमान दोघा-तिघांकडून पडताळायचा, हा तिथला नियम आपणही पाळावा. आमचा अनुभव असा की पोलीस पाटलाला घरं माहीत असतात आणि आशाताईला घरातली माणसं. कुठली सून माहेरी गेलीय, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे तिच्या तोंडावर असतं. तिला सोडून यादी करू नका.

निवारा केंद्रातली माणसं मोजली की काम झालं ना?

नाही. सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

सांगलीत ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढलं, हा प्रश्न पावसाळाभर चालतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. ४० च्या आसपासच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांतली घरं रिकामी व्हायला लागतात. त्यातली सगळी माणसं महापालिकेच्या शाळेत जातात का? ज्याचा भाऊ विश्रामबागेत आहे तो तिकडे जातो. कुणी मिरजेला मावशीकडे, कुणी तासगावला, कुणी बायकापोरांना माहेरी धाडून स्वतः घराच्या माळ्यावर बसतो. खेड्यांतही तेच. भिलवडी, अंकलखोप, नांद्रे, कसबे डिग्रज, समडोळी या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं माळावरच्या नाहीतर पाण्यापासून लांबच्या गावांतल्या पाहुण्यांकडे जातात. सरकारी तक्त्यात मात्र छावणीतली संख्या ठळक दिसते, कारण ती मोजायला सोपी असते.

जगभर हेच चित्र आहे. बहुसंख्य विस्थापित छावणीत राहतच नाहीत. नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोलीत, अर्धवट बांधकामात राहतात. पाहुण्यांकडे आहेत म्हणजे सुखात आहेत, असं धरून चालू नका. चार माणसांच्या घरात अकरा झाली की आठवड्यात रेशन संपतं, यजमानाचाही जीव मेटाकुटीला येतो आणि आलेल्या बाईला उठता-बसता ओशाळल्यासारखं होतं. डीटीएमच्या तक्त्यात ‘यजमान कुटुंबात’ असा वेगळा रकाना असतो. तो आपल्या वहीत आलाच पाहिजे.

यांच्यापर्यंत पोचायचं कसं? जिथून गेले तिथे विचारा. पाणी आलेल्या गल्लीतलं एकेक घर घ्या आणि मागे राहिलेल्या शेजाऱ्याला, किराणा दुकानदाराला, दूधवाल्याला विचारा की हे कुठे गेले. आणि जिथे गेले तिथेही विचारा. माळावरच्या गावातल्या अंगणवाडी सेविकेला विचारलं, ‘ताई, तुमच्या वाडीत कुणाकुणाकडं पूरग्रस्त पाहुणे आलेत?’ तर ती उभ्या उभ्या नावं सांगते.

कुटुंब मोजायचं की माणूस?

दोन्ही. पण कुटुंब म्हणजे काय हे आधी ठरवा, नाहीतर पहिल्याच पानावर गोंधळ होतो.

समजा शाळेच्या व्हरांड्यात एक म्हातारी बसलीय. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड काढून देते. कार्डावर नऊ नावं. त्यातली दोन माणसं वारलेली, एक मुलगी लग्न होऊन गेलेली. उरलेल्या सहात ती स्वतः, दोन मुलं, एक सून आणि दोन नातवंडं. धाकटा मुलगा पुण्यात कंपनीत. दुसरी सून आणि तिचं बाळ कार्डावरच नाही. घरात चुली दोन. कार्डावरून लिहिलंत तर ‘कुटुंब एक, माणसं नऊ’. समोर बसून विचारलंत तर कुटुंबं दोन, शाळेत असलेली माणसं सात, आणि त्यातलं एक बाळ पाच महिन्यांचं. किट एक द्यायचं की दोन, बाळाच्या दुधाचं काय, हे सगळं यावरच ठरतं.

म्हणून एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, असं धरा. प्रत्येक माणसाचं वय आणि स्त्री की पुरुष हे लिहा. कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव सांगितलं तर तेच लिहा, ‘मालक कोण?’ असं खोदून विचारू नका. मार्गदर्शक तत्त्वांतलं विसावं तत्त्व सांगतं की कागदपत्रं मिळण्याचा हक्क स्त्री-पुरुषांना सारखाच आहे आणि बाईला ती स्वतःच्या नावावर मिळाली पाहिजेत.

भाडेकरू, परराज्यातले कामगार, पालावरची माणसं यांचं काय? ती ‘आपल्या गावची’ नाहीत.

पाणी ज्यांच्या दारात आलं ते सगळे यादीत. यात वाद घालू नका.

व्यवहारात मात्र हीच माणसं गळतात. पंचनामा घरमालकाच्या नावाने होतो. भाडेकरूचं कपाट, गॅस, शिलाई मशीन गेलं तरी त्याच्याकडे दाखवायला सातबारा नाही की घरपट्टीची पावती नाही. कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे बाहेरचे मजूर, नदीकाठच्या वीटभट्ट्यांवरची कुटुंबं, पालं टाकून राहणारे भटके लोक यांना गावातल्या जाणत्यांनाही नावानिशी सांगता येत नाही. त्यांच्यासाठी मुकादमाला, खोलीमालकाला, चहाच्या टपरीवाल्याला विचारावं लागतं. भाड्याची चिठ्ठी नसेल तर दोन शेजाऱ्यांची सही घेऊन ठेवा. पुढे भांडताना तीच उपयोगी पडते.

जनावरांची नोंद कशाला? आपण माणसांबद्दल बोलतोय.

कारण माणूस जनावरासाठी मागे राहतो. गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाभण गाय असेल तर बोट दारात आली तरी शेतकरी चढत नाही, हे २००५ लाही दिसलं आणि २०१९ लाही. म्हणून गावाची यादी करताना जनावरं किती, ती कुठे हलवता येतील, वैरणीची सोय काय, हा रकाना ठेवा. ज्या गावात जनावरं वेळेवर हलतात तिथली माणसंही वेळेवर हलतात.

पंचनामा म्हणजे हीच मोजणी ना?

नाही. पंचनामा नुकसानीचा असतो. घराची भिंत पडली, पीक गेलं, जनावर दगावलं यांचा. माणूस आत्ता कुठे आहे, पोरांची शाळा बुडतेय का, म्हातारीला औषध मिळतंय का, हे पंचनाम्यात येत नाही. शिवाय तो पाणी उतरल्यावर होतो. विस्थापितांची नोंद घर सोडल्या क्षणापासून सुरू झाली पाहिजे.

दोन्ही एकमेकांना पूरक मात्र आहेत. घर सोडल्याची आणि घरी परतल्याची तारीख लिहून ठेवा. २०१९ मध्ये मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट शासन निर्णयात होती, त्यावरून केवढा संताप उसळला ते आठवत असेल. अशा अटी चुकीच्याच आहेत, त्यांच्याविरुद्ध बोललंही पाहिजे. पण बोलतानाही हातात तारखा हव्यात.

एकच माणूस दोन ठिकाणी मोजला गेला तर?

जातोच. सोमवारी शाळेत नोंद झालेलं कुटुंब बुधवारी पाहुण्यांकडे जातं आणि तिथेही लिहिलं जातं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मूळ गाव-गल्ली आणि एक मोबाइल नंबर एवढं असलं तर जुळवता येतं. गावाचं नाव नेहमी तालुक्यासह लिहा. बोरगाव वाळव्यातही आहे आणि साताऱ्यातही. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज वेगळी गावं आहेत आणि घाईत दोन्ही ‘डिग्रज’ होतात. जमलं तर केंद्र सरकारच्या स्थानिक संस्थांच्या निर्देशिकेतला गावाचा कोड टाका, म्हणजे इंग्रजीत स्पेलिंग कुणी कसंही करो, गाव चुकत नाही.

दुबार नावापेक्षा सुटलेलं नाव जास्त घातक आहे, हे मात्र लक्षात असू द्या. चार किट जास्त गेली तर बिघडत नाही.

बातमीत ‘भारतात ५० लाख विस्थापित’ असं वाचलं. एवढी माणसं आत्ता बेघर आहेत?

नाही. हा आकडा २०१९ चा आहे. त्या वर्षी आपत्तींमुळे भारतात सुमारे ५० लाख नवी विस्थापनं नोंदली गेली, जगात सर्वाधिक. त्यात फनी चक्रीवादळाआधी ओडिशात हलवलेले लोक आहेत, आपला महापूरही त्याच वर्षीचा. हे आकडे घर सोडण्याच्या घटनांचे असतात. एक माणूस वर्षात दोनदा घराबाहेर पडला तर दोनदा मोजला जातो, आणि यातले बरेच जण काही दिवसांत परततात.

दुसरा आकडा असतो वर्षअखेरीस विस्थापित अवस्थेत असलेल्यांचा. २०२४ च्या अखेरीस जगात तो ८ कोटी ३४ लाख होता. त्यात सुदान एकट्याचे १ कोटीहून जास्त, बहुतेक एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धामुळे. आपल्या मणिपुरात २०२३ च्या हिंसाचारात सुमारे ६७ हजार विस्थापनं झाली. कुणी आकडा सांगितला की पहिलं विचारा, हा वर्षभराचा की त्या दिवसाचा?

मोबाइलच्या लोकेशनवरून सगळ्यांचा ठावठिकाणा कळत नाही का? वह्यांची गरजच काय?

एका मर्यादेपर्यंत कळतो. २०१० च्या हैतीतल्या भूकंपानंतर स्वीडनच्या संशोधकांनी तिथल्या मोबाइल कंपनीकडून नावं वगळलेली सिमकार्डांची माहिती घेतली आणि राजधानी पोर्त-ओ-प्रँसमधून लोक कुठल्या भागांकडे गेले याचा अंदाज बांधला. त्यातूनच पुढे फ्लोमाइंडर ही संस्था आली. नेपाळच्या २०१५ च्या भूकंपातही ही पद्धत वापरली गेली. कुठल्या तालुक्यावर एकदम ताण वाढलाय हे यातून पटकन दिसतं, आणि ते मोलाचं आहे.

पण सिम म्हणजे माणूस नव्हे. घरात एक फोन आणि माणसं सहा. म्हातारी आणि पोरं त्यात येतच नाहीत. आणि पुरात वीज गेली, टॉवर बंद पडला की नेमकं सर्वांत अडचणीतलं गाव नकाशावरून गायब होतं. उपग्रहाच्या चित्रांत तंबू मोजता येतात, पण शाळेच्या छताखाली किती आहेत ते दिसत नाही. ही साधनं दिशा दाखवायला घ्या. नाव लिहायला माणूसच लागतो.

आधार नंबर घ्यावा का?

स्वयंसेवकांनी घेऊ नये. तुम्हाला त्याची गरज नाही. आधार भिजलं किंवा वाहून गेलं असेल तर तेवढं लिहा, म्हणजे पुढे कागदपत्रांचं शिबिर लावता येईल.

यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर मदत लवकर येते. काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. कृपा करून टाकू नका.

त्या यादीत एकट्या राहणाऱ्या बाईचं नाव आणि नंबर असतो. ‘घर बंद, सगळे मिरजेला’ अशी नोंद असते, म्हणजे चोराला आयतं निमंत्रण. एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्याची नोंद असते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आलेली एखादी असते, तिचा पत्ता त्याच ग्रुपमधून त्याच्यापर्यंत पोचतो. जिथे दंगल किंवा जातीय तणाव असतो तिथे तर कुठल्या समाजाची माणसं कुठल्या शाळेत आहेत ही यादीच हल्ल्याचं साधन होऊ शकते. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने जून २०२१ मध्ये समोर आणलं की बांगलादेशात आसरा घेतलेल्या रोहिंग्यांची माहिती त्यांच्या पुरेशा संमतीशिवाय म्यानमार सरकारपर्यंत गेली होती. ज्या सरकारच्या भीतीने पळाले त्याच्याच हातात. चांगल्या हेतूने गोळा केलेली माहितीसुद्धा किती वाईट ठिकाणी जाऊ शकते ते यावरून कळेल.

ग्रुपवर संख्या टाका: ‘अमुक शाळा, ६४ माणसं, ११ पाच वर्षांखालची, ३ गरोदर, सॅनिटरी पॅड आणि पाणी हवं.’ नावांची यादी केंद्रप्रमुखाकडे आणि तहसीलच्या माणसाकडे, बस्स. नोंद करण्याआधी माणसाला सांगा की हे कशासाठी लिहितोय आणि कुणाला देणार. नाही म्हणालं तर नाव न लिहिता संख्या धरा, जेवण-पाणी अडवू नका. २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचाही गाभा संमती हाच आहे. आणि रांगेतल्या बायकापोरांचे फोटो काढत सुटू नका.

बोटीतून माणसं काढताना यादी करायला वेळ कुठे असतो?

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. अशा वेळी शोधणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो की एकूण होते किती? काठावर उभ्या असलेल्या एकाने प्रत्येक फेरीला फक्त डोकी मोजून पाटीवर आकडा लिहिला आणि उतरणाऱ्या काठावर दुसऱ्याने तोच पडताळला, तरी शोधाला आधार मिळतो. शिवाय मोजणारा माणूस उभा असला की ‘अजून दोघं बसू द्या’ याला आळा बसतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

माणूस सापडत नसेल तर कुठे जायचं?

पोलीस ठाण्यात बेपत्ता नोंद, आणि ११२. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. एकटं सापडलेलं मूल कुणाच्याही ‘ओळखीच्या’ माणसाकडे सोपवू नका. १०९८ वर कळवा, पुढचा निर्णय बाल कल्याण समितीचा. हरवलेल्या नातेवाइकांचं काय झालं हे कळण्याचा विस्थापितांना हक्क आहे, मार्गदर्शक तत्त्वांतलं सोळावं तत्त्व तेच सांगतं. युद्धाच्या ठिकाणी रेडक्रॉस हे ताटातूट झालेल्यांना जोडण्याचं काम वर्षानुवर्षं करतं आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा त्या रात्री वाडीत नेमकं कोण होतं हे ठरवणं फार कठीण गेलं. काही मुलं आश्रमशाळेत होती, काही माणसं कामाला बाहेर. पाटण तालुक्यातल्या डोंगरउतारावरच्या वाड्यांना हे तंतोतंत लागू आहे. तिथली निम्मी तरणी माणसं मुंबईत असतात. वाडीतल्या दोघांकडे तरी ‘आज गावात कोण आहे’ याचा ताजा अंदाज पावसाळाभर असायला हवा.

दुष्काळामुळे जत, आटपाडी, माण सोडणारे लोकही यातच येतात का?

यायला हवेत, पण बहुतेक यादीत ते नसतात. पूर एका रात्रीत घर सोडायला लावतो, दुष्काळात माणूस हळूहळू निघतो. आधी जनावरं विकतो, मग घरातला एक कामाला बाहेर पडतो, मग दाराला कुलूप. हे नाइलाजाने झालं की मर्जीने, याची सीमारेषा काढणं अवघड, म्हणून आकडेही विरळ. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी चालवली तेव्हा जनावरांसोबत माणसंही छावणीत राहायला आली होती. गाव सुटलं नव्हतं, पण घर सुटलं होतं. शाळेची पटसंख्या आणि रेशन न उचललेली कार्डं, या दोन गोष्टींवरून अशा स्थलांतराचा माग बऱ्यापैकी काढता येतो.

पाणी ओसरलं, लोक घरी गेले. नोंद कधी बंद करायची?

घरी गेला म्हणजे प्रश्न मिटला असं नसतं. विस्थापन संपण्याचे तीन मार्ग जगभर मानले जातात: मूळ जागी परतणं, जिथे गेलो तिथेच रुजणं, किंवा तिसऱ्या ठिकाणी वसणं. कुठलाही असो, डोक्यावर छप्पर, हाताला काम, पोरांना शाळा, हातात कागद आणि सुरक्षितता असेल तरच विस्थापन संपलं. निदान महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने त्याच कुटुंबांना पुन्हा विचारा. पडक्या भिंतीवर ताडपत्री टाकून राहणारे किती, ते दुसऱ्या फेरीत कळतं.

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, माणसं गेली. वाचलेल्यांची सोय आधी शाळांमध्ये आणि मग तात्पुरत्या खोल्यांमध्ये झाली. अशा ‘तात्पुरत्या’ जागेत एक पावसाळा जातो, मग दुसरा जातो, आणि बातम्यांतून ती माणसं नाहीशी होतात. त्यांच्या नोंदीचा खरा काळ तेव्हा सुरू होतो.

आणि कोयना. १९६० च्या दशकात धरण उभं राहिलं, त्याच्या शिवसागर जलाशयात गावं गेली, माणसं सातारा-सांगली-सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत विखुरली. किती कुटुंबं उठली, कुणाला किती जमीन मिळाली, कुणाला काहीच नाही, याचं संकलन पूर्ण करा ही मागणी घेऊन धरणग्रस्तांसाठी लढणारे भारत पाटणकर आणि त्यांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर तिथली माणसं अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत आंदोलनाला बसत आली. आजोबा उठले आणि नातू संकलन रजिस्टरात नाव शोधतोय. तेव्हाच नीट लिहिलं असतं आणि ते जपलं असतं तर नातवाला हातात कागद घेऊन बोलता आलं असतं. म्हणून आपल्या पुराच्या वह्याही रद्दीत घालू नका.

सरकारी यादी असतेच. मग आपण वेगळी कशाला करायची?

वेगळी करूच नका. तहसीलदार किंवा मंडळ अधिकाऱ्यांना विचारून त्यांच्याच रकान्यांत भर घाला. दोन याद्या झाल्या की दोन्हींवरचा विश्वास उडतो. आपलं काम सुटलेली नावं शोधून ती सरकारी यादीत घालण्याचं. नाव घेतलं जात नसेल तर लेखी द्या आणि पोचपावती घ्या.

आमच्या मंडळाने यंदा पावसाळ्याआधी काय करावं?

मे महिन्यात एक रविवार काढा. आपली गल्ली किंवा वाडी घ्या आणि आशाताईंना सोबत घेऊन घरोघर जा. तीन गोष्टी विचारा: पाणी आलं तर कुठे जाणार, तिथला फोन नंबर कुठला, आणि घरात आधाराशिवाय चालू न शकणारं कोण. एका वहीत लिहा, त्याची एकच प्रत पोलीस पाटलांकडे द्या. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंचावर. शाईचं पेन नको, पाण्यात शाई पसरते. पेन्सिल वापरा किंवा बॉलपेन. शाळेच्या किल्ल्या कुणाकडे असतात ते विचारून ठेवा, रात्री दोन वाजता हा प्रश्न हमखास येतो. आणि नोंद घेणाऱ्यांत निम्म्या तरी मुली असू द्या. पाळी, गरोदरपण, घरातला त्रास या गोष्टी बायका पुरुष कार्यकर्त्यांना सांगत नाहीत, आणि मग त्या कुठल्याच वहीत येत नाहीत.